कार्ड बंद झाल्यावर

१

मंगळवारी सकाळी डॅरेलने शीतकक्षाचं दार ओढलं आणि बुद्धभूषण गजभिये त्याच्या पायांशी कलंडले.

ते दाराला टेकून बसले होते, तसेच, गुडघे पोटाशी घेतलेल्या अवस्थेत, बाहेर आडवे झाले. अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट. भुवयांवर बर्फ. उजव्या हाताची मूठ सोलवटलेली. आत शून्याखाली वीस अंश तापमान होतं आणि शुक्रवार संध्याकाळपासून त्या मजल्यावर कोणीही पाऊल टाकलं नव्हतं. सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी, त्यामुळे लांब वीकेंड होता.

अमेरिकेत, उत्तर कॅरोलायनातल्या कॅरी गावाच्या कडेला, पाइनच्या झाडांमागे ही दोन मजली इमारत उभी होती. एका स्थानिक मालकाकडून केंद्र सरकारने ती भाड्याने घेतली होती. इथे रुग्णालयांतल्या श्वसनयंत्रांची चाचणी व्हायची. गजभिये चाचणी विभागाचे प्रमुख होते. मूळचे नागपूरचे, अठ्ठावन्न वर्षांचे. अमेरिकेची नोकरी करता करता इथलेच नागरिक झालेले.

शुक्रवारी दुपारी वॉशिंग्टनहून ईमेल आले होते. राष्ट्रपतींच्या आदेशानुसार निम्मं कार्यालय कमी करण्यात येत होतं. संध्याकाळ होताच काढलेल्या सगळ्यांची प्रवेशाची कार्डं एकदम बंद झाली. त्या वीकेंडला दारांची यंत्रणाही बदलली गेली आणि कोण कधी आलं-गेलं याची नोंदच उरली नाही.

कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पोलिसांना डॅरेलने सांगितलं, "शीतकक्षाचं दार कार्डावर उघडतं. ते आत असताना त्यांचं कार्ड बंद झालं असणार."

डॅरेल इमारतीची देखभाल पाहायचा. त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. कोणी वॉशिंग्टनला शिव्या दिल्या, कोणी रडलं. बुधवारपर्यंत साऱ्या कॅरीत एकच वाक्य फिरत होतं: गजभियेंना आदेशाने मारलं.

२

भावना मेश्राम महानिरीक्षक कार्यालयात तपासनीस होती. सरकारी खात्यांच्या आतल्या भानगडी शोधणारं हे कार्यालय. पण खुद्द महानिरीक्षकांनाच राष्ट्रपतींनी महिन्यापूर्वी दोन ओळींच्या ईमेलने घरी पाठवलं होतं. त्यांच्या जागी आलेल्या हंगामी साहेबांनी भावनाला फोनवर सांगितलं, "अपघात आहे. शुक्रवारपर्यंत फाइल बंद करा. आणि मेश्राम, तुमचं पदही नव्या वर्गात गेलंय, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. नव्या वर्गातल्या माणसाला काढायला कारण लागत नव्हतं. ना नोटीस, ना सुनावणी. वीस वर्षं तिने इतरांच्या चौकशा केल्या होत्या. आता खुर्चीत बसतानाही ती आपली आहे की नाही, असा प्रश्न तिला पडायचा.

इमारतीत तिची पहिली भेट झाली ती अनिका सबनीसशी. वॉशिंग्टनने नेमलेली ही हंगामी संचालक जेमतेम बत्तीस वर्षांची होती. न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला जन्मलेली, वाढलेली.

"मराठी चालेल," अनिका म्हणाली. "आईशी बोलते तेवढं येतं. सगळे बाहेर मला खुनी समजतात, यू नो दॅट?"

"तुम्ही त्यांना काढलंत."

"येस. लिस्ट वरून आली होती, नाव त्यात होतं. मी क्लिक केलं." तिने बोटाने टेबलावर टकटक केलं. "प्रेसिडेंटची ऑर्डर आहे, इमर्जन्सी साठ्यातले व्हेंटिलेटर ताबडतोब पास करा. त्यातल्या एका झडपेवर त्यांची सही हवी होती. ते म्हणाले, सही नाही करणार, साठा थंड गोदामात राहतो, थंडीत परत टेस्ट करायची आहे. का? तीच झडप याच लॅबने लास्ट इयर पास केली होती. त्यांच्याच हाताखालच्या निमिषने टेस्ट केली, रिझल्ट ओके. मग आता काय प्रॉब्लेम?"

"ते तुम्ही त्यांना विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, 'टेस्ट झाली की सांगतो.' दॅट्स इट." अनिकाने खिडकीबाहेर पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "मिस मेश्राम, मला ते नकोच होते, हे खरं आहे. पण ज्याला मी एका क्लिकने घालवू शकते, त्याला फ्रीझरमध्ये कशाला कोंडू? आणि शुक्रवारी दुपारनंतर त्यांची सही मला लागतही नव्हती. नवीन माणूस सही करणार होता."

"नवीन माणूस कोण?"

"निमिष. त्यालाही चुकून काढलं होतं. मंडेला फोन करून परत बोलावलं. अ‍ॅक्टिंग हेड."

३

गजभियेंच्या घरी दार निमिष पाठारेनेच उघडलं. चाळिशीचा, सडपातळ. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. सात वर्षं तो गजभियेंच्या हाताखाली होता. आता चहा तोच करत होता, फोनही तोच घेत होता.

"काकूंनी काल रात्रीपासून काही खाल्लं नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

शीलाताई सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या. मुलीचं बाळंतपण करायला त्या मिनेसोटात, ईडन प्रेरीला गेल्या होत्या. मंगळवारी मिळेल त्या विमानाने परत आल्या.

"जय भीम, ताई," भावना म्हणाली.

त्यांनी मान वर केली. अनोळखी माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकून त्यांचा चेहरा थोडा सैल पडला. "जय भीम. बस गं."

"तीन दिवस त्यांचा फोन नाही, तरी तुम्हाला काळजी नाही वाटली?"

"विपश्यनेला जाणार होते ना. शुक्रवारी रात्री निघायचं, सोमवारी रात्री परत. तिथे फोन काढूनच घेतात. मीच म्हटलं होतं जा, डोकं शांत होईल. मी तिकडे नातवाचे लाड करत होते आणि हे इकडे..."

"शिबिराचं कोणाकोणाला माहीत होतं?"

"ऑफिसात ते फार बोलत नाहीत. निमिषला माहीत होतं. घरातलाच तो."

निमिषने मान हलवली. "सरांनी मलाही चल म्हटलं होतं. मी म्हटलं, सर, आपलं मन तेवढं शांत नाही."

"शुक्रवारी तुम्ही किती वाजेपर्यंत होतात?" भावनाने विचारलं.

"मेल आला आणि मी पर्स, जॅकेट उचलून निघालोच. सरांना भेटलोही नाही, यार. काय बोलणार होतो? त्यांच्या टेबलावर सगळं तसंच होतं, आवराआवरी सुरूही झाली नव्हती."

शीलाताईंनी पोलिसांनी दिलेली प्लॅस्टिकची पिशवी भावनासमोर ठेवली. त्यात चष्मा, रुमाल, गाडीची किल्ली आणि निळसर प्लॅस्टिकचे चार-पाच तुकडे होते.

"हे कोटाच्या खिशात होतं. कशाचे तुकडे आहेत कोण जाणे. गुरुवारी फोनवर एवढंच म्हणाले होते, 'शीला, ही झडप थंडीत फुटते असं मला वाटतंय. फुटली तर ओठ शिवून बसता येणार नाही.' मी म्हटलं, जपून." त्या थांबल्या. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाल्या, "त्यांच्या टेबलावर लहानशी बुद्धमूर्ती होती. दीक्षाभूमीवरून आणलेली. ती कुठे आहे?"

"ट्रॉलीवर आहे, काकू," निमिष चहाचे कप गोळा करता करता म्हणाला. "सगळ्यात वर, उघडीच. खोक्यात घालावीशी वाटली नसेल सरांना. मी आणून देतो."

भावनाने एक तुकडा उजेडात धरला. त्याची कड काचेसारखी तडकली होती.

४

"मला शीतकक्षात जायचंय," तिने डॅरेलला सांगितलं. "आणि दार बंद करायचं."

डॅरेल साठीचा, दणकट. उत्तर कॅरोलायनाच्याच कुठल्याशा खेड्यातला, सावकाश बोलणारा. "बाई, त्या दारामागे एक माणूस मेलाय."

"म्हणूनच."

समोरचा कॉरिडॉर अरुंद होता. दार बाहेरच्या बाजूला उघडत होतं, आणि समोरची भिंत चार हातांवर. ती आत गेली. जाड दार मागे मिटलं, आणि आवाज म्हणून काही उरलाच नाही. थंडी आधी दातांना जाणवली, मग डोळ्यांना. फोनवर सिग्नल नव्हता. लोखंडी भिंतींवर तळहात टेकवला तर कातडी चिकटत होती. इथे तो माणूस ओरडला असेल, आणि त्याचं ओरडणं त्याच्याच कानांवर परत आलं असेल. आत येऊन अजून पाच मिनिटंही झाली नव्हती.

दाराच्या आतल्या अंगाला हिरवट चमकणारं गोल बटण होतं. तिने ते दाबलं.

दार सहज उघडलं.

"कार्ड?" ती बाहेर येत म्हणाली. दात वाजत होते. "कार्ड कुठे लागलं?"

डॅरेल खाली बघत होता.

"बाहेरून आत जायला कार्ड लागतं, डॅरेल. आतून बाहेर यायला लागत नाही. अशा खोल्या तशाच बांधतात, वीज गेली तरी माणूस बाहेर पडावा म्हणून. हे तुला माहीत आहे, तूच देखभाल करतोस. कार्डाची गोष्ट तू का सांगितलीस?"

तो मग भिंतीला टेकला.

"दारासमोर ट्रॉली होती," तो म्हणाला. "मंगळवारी. खोकी भरलेली. आडवी लावली होती, एक टोक दाराला, दुसरं भिंतीला. मी ती काढली, मग दार उघडलं, आणि..." त्याने तोंडावरून हात फिरवला. "शुक्रवारी सगळ्या कॉरिडॉरमध्ये ट्रॉल्या होत्या, लोक सामान नेत होते. त्या रिकाम्या करायचं काम माझं. मला वाटलं, घाईत मीच ढकलली असणार. मीच त्यांना मारलं. म्हणून पोलिसांना फोन करायच्या आधी ती खाली नेऊन माझ्या खोलीत कुलपात ठेवली. तेव्हापासून मला झोप नाही, बाई."

"कोणाला सांगितलंस? कोणाला दाखवलीस?"

"बायकोलासुद्धा नाही."

तळघरातल्या खोलीचं कुलूप त्याने उघडलं. ट्रॉलीवर पुस्तकांनी भरलेली पाच जड खोकी होती. त्यावर 'गजभिये' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं. सगळ्यात वर, घडी घातलेल्या टॉवेलवर, उघडीच, काळ्या दगडाची वीतभर बुद्धमूर्ती.

भावना खाली बसली.

५

त्याच संध्याकाळी हंगामी साहेबांचा फोन आला.

"झालं?"

"साहेब, हा अपघात नाही."

"तुमचा अहवाल माझ्याकडे येईल. पुढे कुठे जायचा ते मी ठरवेन. पुढच्या आठवड्यात झडपेला मंजुरी आहे, त्याआधी या इमारतीबद्दल पेपरात एक शब्द नको. तुम्ही कोणासाठी काम करता, मेश्राम?"

"सरकारसाठी."

"सरकार म्हणजे राष्ट्रपती. कार्यकारी सत्ता त्यांची आहे, ती तुमच्या-माझ्यामार्फत चालते. ती त्यांना नको असेल तेव्हा आपण नसतो."

फोन ठेवल्यावर भावना भाड्याच्या गाडीत तशीच बसून राहिली. अहवाल वर पाठवला तर तो कपाटात पडणार. नाही पाठवला तर नोकरीचा नियम मोडणार. वर्तमानपत्रांकडे गेली तर तिलाच आरोपी करणार. जिकडे हात लावावा तिकडे दार, आणि आतून कडीच नाही. शीतकक्षातला तो हिरवा उजेड तिला आठवला, आणि पहिल्यांदा तिला रडू आलं.

मग तिने समोर पाहिलं. इमारतीच्या दर्शनी भागावर मालकाची जाहिरात होती, जागा भाड्याने देणे आहे.

भाड्याची इमारत. जमीन केंद्राची नाही, राज्याची. इथे खून झाला तर तो उत्तर कॅरोलायनाचा गुन्हा. खटला कौंटीचा सरकारी वकील चालवणार, आणि तो लोकांनी निवडून दिलेला. त्याला राष्ट्रपती काढू शकत नाहीत. शिक्षा झाली तर तीही माफ करू शकत नाहीत. अहवाल कुठे जायचा ते साहेबांनी खुशाल ठरवावं. साक्ष द्यायला तिला कोणाची परवानगी नको होती.

तिने कौंटी पोलिसांच्या डिटेक्टिव्हला फोन लावला.

६

गुरुवारी दुपारी निमिषला दर्शनी काचेच्या दाराशी बोलावलं. डिटेक्टिव्ह, एक उंच कृष्णवर्णीय बाई, बाजूला बाकावर बसली होती. तिने त्याला त्याचे हक्क समजावले, वकील हवा का विचारलं. तो नको म्हणाला. भावना मराठीत बोलत होती, दर दोन वाक्यांनी इंग्रजीत सांगत होती.

"निमिष, सगळे म्हणतात वॉशिंग्टनला सर नको होते. खरं आहे. पण ज्याच्या हातात काढून टाकायची सत्ता आहे त्याला मारायची गरज नसते. त्यांनी काढलंच होतं. म्हणजे मारणारा असा कोणीतरी, ज्याला सरांना काढता येत नव्हतं, आणि ज्याची भीती सर नोकरीवरून गेल्यानेही मिटणार नव्हती. कारण काढलेला माणूस तोंड उघडायला मोकळा असतो."

निमिष काचेबाहेर पाहू लागला.

"त्यांच्या खिशात फुटलेली झडप होती. थंडीत फुटते ती झडप. मागच्या वर्षी तीच झडप थंडीत टिकते असं तुम्ही सांगितलं होतं. टिकली नव्हती, की तुम्ही ती थंडीत ठेवलीच नव्हती?"

"त्यावर तुम्ही खून..." त्याचा आवाज चिरकला. "मॅडम, मी मेल आला तेव्हाच निघालो होतो!"

"आवराआवरी सुरू व्हायच्या आधी. बरोबर?"

"हो!"

"मग मूर्ती ट्रॉलीवर सगळ्यात वर, उघडी आहे, हे तुम्हाला कसं कळलं? शीलाताईंना तुम्ही सांगितलंत. ती ट्रॉली सरांनी मेल आल्यानंतर भरली. मंगळवारी पोलीस यायच्या आधी ती डॅरेलच्या कुलपात गेली, त्याने कोणाला दाखवली नाही. मेल येताच गेलेल्या माणसाला ती भरलेली दिसणं शक्यच नव्हतं. ज्याने ती दाराला आडवी लावली त्याला मात्र दिसली."

काचेवर पाइनची सावली हलत होती. निमिष हळूहळू खाली, फरशीवरच बसला.

"मला मारायचं नव्हतं," तो म्हणाला. "शपथ. मागच्या वर्षी शीतकक्ष बिघडलेला होता. दुरुस्तीला माणूस नाही, वरून रोज फोन, पास करा, पास करा. मी लिहून टाकलं. शुक्रवारी सर झडपा घेऊन आत गेले, बाहेर आले आणि दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले. म्हणाले, 'निमिष, मी संसदेच्या समितीला सांगणार. तूही सांग, मी तुझ्यासोबत उभा राहीन.' सोबत! मी म्हटलं सर, माझं करिअर, माझी मुलगी... ते म्हणाले, 'उरलेल्या झडपा घेऊन येतो, मग बोलू.' ते आत गेले, आणि ट्रॉली तिथेच होती."

"मग?"

"मी म्हटलं, पाच मिनिटं. पाच मिनिटं मला विचार करू दे. त्यांनी आतून मारायला सुरुवात केली. ऐकू येत नव्हतं, पण ट्रॉलीची दांडी थरथरत होती. मला ते बघवेना. मी बाहेर आलो, गाडीपाशी, श्वास घ्यायला. परत फिरलो आणि..." त्याने काचेच्या दाराशेजारच्या कार्डयंत्राकडे बोट दाखवलं. "लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल. आत कोणी नाही. आदेशाने माझं कार्ड बंद केलं, मॅडम. मी दार वाजवलं, हाताने, पायाने. मी तरी काय करणार होतो?"

भावना त्याच्यासमोर खाली बसली.

"फोन होता ना तुझ्याकडे?"

त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"आदेशाने कार्ड बंद केलं, निमिष. फोन नाही. नऊ-एक-एक लावला असतास तर अग्निशमनवाले काच फोडून आत गेले असते. सर जिवंत होते तेव्हा. तू फोन हातात घेऊन उभा राहिलास, आणि तुला आठवलं की ते शिबिराला जाणार आहेत. मंगळवारपर्यंत त्यांना कोणी शोधणार नाही."

त्याने तोंड झाकून घेतलं. बोटांतून आवाज आला, "मी गाडीत बसून होतो. खूप वेळ. मग घरी गेलो. मुलीला झोपवलं."

डिटेक्टिव्ह उठली. तिला शेवटचं भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

७

अटकेची बातमी कॅरीत तासाभरात पसरली. अनिका सबनीसने भावनाला जिन्यात गाठलं. तिचा आवाज बसला होता. "आय थॉट आय डिड इट. तीन दिवस. माझ्या क्लिकने." मग विचारलं, "झडप खरंच फुटते?"

"फुटते."

"मग मंजुरीच्या कागदावर आता सही कोण करणार? मी?" तिने उत्तराची वाट पाहिली नाही. जिना उतरून ती आपल्या गाडीकडे गेली. त्या दिवशी परत आली नाही.

शुक्रवारी सकाळी भावनाच्या फोनवर ईमेल आला. दोन ओळी. सेवेची गरज उरलेली नाही, आभार. तिने तो वाचला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि काही वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसली. मग शीलाताईंच्या घरी गेली.

मुलगी ईडन प्रेरीहून आली होती. आतल्या खोलीत बाळ रडत होतं. शीलाताई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. भावनाने सगळं सांगितलं. निमिषचं नाव ऐकताना त्यांचे हात थांबले, पण त्या रडल्या नाहीत.

"त्याने मला चहा करून दिला," त्या म्हणाल्या. "तीन दिवस."

"हो."

"ह्यांनी खूप वेळ दार वाजवलं असेल?"

भावनाला खोटं बोलता आलं असतं. "हो, ताई. बराच वेळ."

शीलाताईंनी कणकेवर ओलं फडकं घातलं आणि हात धुतले. "आणि ती झडप? ती लावणारच का लोकांना?"

"पुढच्या आठवड्यात मंजुरी आहे. संसदेची समिती ती थांबवू शकते. तुमच्याकडचे तुकडे आता पुरावा म्हणून पोलिसांकडे परत गेलेत. पण ते काय आहेत, सरांना काय वाटत होतं, हे तिथे जाऊन कोणीतरी सांगायला हवं. कार्यालयातले घाबरलेत. ज्यांची नोकरी उरलीय ते बोलणार नाहीत."

"आणि तू?"

"मला काढलं. आज सकाळीच."

शीलाताईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. पदराला हात पुसले. आतल्या खोलीकडे वळून मुलीला हाक मारली, "अगं, माझी निळी साडी इस्त्री कर. वॉशिंग्टनला जायचंय." मग भावनाजवळची खुर्ची ओढून बसल्या.

"त्या गुरुवारी ते माझ्याशी फोनवर बोलले, दुसऱ्या कोणाशी नाही. म्हणजे सांगायचं मलाच," त्या म्हणाल्या. "आणि मला तर कोणी काढूच शकत नाही."